ऐनाची काटकी

रक्त भळाभळा आलं असतं तर आवडी खोटं बोललीच नसती. पण आलं किती, तर करवंदं काढताना हाताला येतं तेवढं. तेवढ्या रक्ताला कोण घाबरतं? तिला भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

उंबरकोंड ही पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला टेकलेली चौदा घरांची वाडी. भाताचं रोप टाकायच्या आधी तिथे जमीन भाजतात. थंडीत ऐन-किंजळाच्या पानाळ फांद्या तोडायच्या, त्याला कवळ म्हणतात, आणि झाडाच्याच बेचक्यात रचून वाळू द्यायच्या. शिमगा झाला की त्या उतरवायच्या, शेण, कवळ, पातेरा म्हणजे गळलेला सुका पाला, असे थर लावायचे, वर मूठमूठ माती टाकायची आणि पेटवायचं. हा राब. वाडीतला पहिला राब मानाचा. ज्या घराचा मान असेल त्यानं पेटवल्याशिवाय दुसऱ्या कोणी काडी ओढायची नाही. घरं चौदा, म्हणून मान चौदा वर्षांनी येतो. मागच्या खेपेला आवडीचा नवरा सहदेव मुंबईत एका कारखान्यात होता आणि त्याला सुट्टी मिळाली नव्हती. बापानं एकट्यानं राब पेटवला, आणि पुढच्या पावसाच्या आत बाप गेला. तेव्हापासून सहदेव वर्षं मोजत होता. कारखाना सुटला, केस पिकले, मुलगी दिशा बारावीला गेली. ह्या वर्षी मान घरात आला होता.

आणि ह्या मानाला एक अट होती. मानाच्या राबात माणसाचं रक्त सांडलं तर तो राब पेटवायचा नाही. पाऊस पडेपर्यंत त्याला हातसुद्धा लावायचा नाही, जमीन त्या साली पडीक, आणि मान पुढच्या घराला.

बुधवारी दुपारी सहदेव ऐनावर चढून बेचक्यातलं कवळ खाली ढकलत होता. आवडी खाली थर लावत होती. पाय कसा सटकला ते त्यालाही कळलं नाही. दीड पुरुष उंचीवरून तो भाऱ्यासकट अर्ध्या रचलेल्या राबात तोंडावर पडला. पडला आणि हसतच उठला, कारण खाली मऊ पातेरा होता आणि हाडं सगळी जागेवर होती. आवडीही हसणार होती. मग तिला दिसलं, डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत, नाकाच्या बाजूला, एक काटकी उभी होती. देव्हाऱ्यात उदबत्ती उभी असते तशी.

तिनं ती दोन बोटांत धरली आणि उपटली. पायातला काटा काढावा इतकी सहज. काटकी आली. काटा काढल्यावर आपण त्याचं टोक शाबूत आहे का ते बघतो, पण तिनं तेवढंही केलं नाही. काटकी मागे टाकली आणि पदर त्याच्या डोळ्यावर दाबला. चार थेंब राबात पडायचे ते तोवर पडून गेले होते.

"कोणी बघितलं काय?" सहदेवनं पदराखालून विचारलं.

"कोण बघणार? गीताबाय खालच्या वळणाला हाय."

मान सहदेवच्या घरून गेला तर तो गीताबाईच्या घरी जाणार होता. म्हणून आधी तिचंच नाव आलं.

"मग गोठ्याचा खांब लागला म्हणायचा."

"आवो, पण डॉक्टर इचारंल."

"डॉक्टरलाबी खांबच. त्याची बायको भाजी कुणाकडून घेते? गीताबायच्या भावाकडून. संध्याकाळच्या आत वाडीवर पोचंल."

भाजीवरून काय काय कुठे कुठे पोचतं ते आवडीला माहीत होतं.

पोलादपूरच्या डॉक्टरनं जखम बघितली. तांदळाच्या दाण्याएवढी. त्यानं दोनदा विचारलं, "खांबाला आपटून असं भोक पडतं का हो?"

"खिळा होता खांबाला," आवडी म्हणाली. हा खिळा आपल्या तोंडात कुठून आला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. खोट्याला म्हणून काही शोधावं लागत नाही, ते आपलं सामान बरोबर घेऊन येतं. डॉक्टरनं धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दोन टाके घातले, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की ताप आला तर थांबू नका, महाडला जा.

तीन दिवस बरे गेले. सहदेव एक डोळा झाकून राबावर माती टाकत होता. शनिवारी रात्री ताप आला. रविवारी पापणी वांग्यासारखी सुजली, दोनदा उलटी झाली, आणि दुपारी त्यानं दिशाला आपल्या आईच्या नावानं हाक मारून पाणी मागितलं. दिशा घाबरली. आवडी म्हणाली, "तापात बोलतात माणसं." चार वाजता त्याला आकडी आली. दात बसले, हात वाकडे झाले. मग वाडीतल्या सुशांतची जीप, घाटाची वळणं, महाड. जीपमधून तिनं मुंबईला दिराला फोन लावला. भरत सुट्टी टाकून निघालाच होता, राबासाठी.

"मी सरळ महाडला येतो, वहिनी."

"नको. आधी सकाळी राब पेटव, मग ये. शुद्धीवर आल्यावर पयलं तेच इचारतील."

महाडच्या त्या दवाखान्यात रात्री डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूचे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस पनवेलहून येत. सोमवार त्यांचा होता, म्हणून आवडीनं नशिबाला बरं म्हटलं.

ते सकाळी आठला आले. डॉक्टर बुद्धरत्न. चाळिशीचे, बारीक, बोलणं हळू. सगळा दवाखाना त्यांना बुद्धरत्न सर म्हणत होता, कारण त्यांचे वडील ह्याच तालुक्यात मास्तर होते आणि निम्म्या कर्मचाऱ्यांना त्यांनी पाढे शिकवले होते. त्यांनी सहदेवच्या उघड्या डोळ्यात बॅटरी मारली, मान उचलून बघितली. लाकडासारखी ताठ होती. मग ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि आवडीला शेजारी बसवून घेतलं.

"हे तुमच्या मालकांचं डोकं. ही डाव्या डोळ्याची खोबण. आणि ही काळी रेघ दिसते का? रिपोर्टात हवा म्हणून लिहिलंय. हाड तडकलं की आत हवा शिरते कधी कधी. पण हवा वर जाऊन बसते. ही आडवी पडलीय, सरळ."

त्यांनी माऊस फिरवला. काळं हळूहळू फिकट झालं, आणि त्या रेघेच्या आत लांबट बारीक धागे उमटले.

"हवेला रेषा नसतात, ताई. लाकडाला असतात. खांब कसला होता?"

"सागाचा."

"साग असा शिरत नाही. हे उदबत्तीएवढं बारीक आहे."

डॉक्टरांनी तिच्या हातांकडे बघितलं. नखांत शेण होतं, बोटांच्या चिरांत माती. हात तिनं पदराखाली घेतले, पण उशिरा.

"माझी आजी शिवथरच्या खोऱ्यात राब भाजायची," ते म्हणाले. "शिमगा होऊन गेलाय. कवळ उतरवत होते का?"

भिंतीवरच्या घड्याळात आठ पंचवीस झाले होते. नवाला, वारा उठायच्या आत, भरत राब पेटवणार होता. आवडीच्या मनात आलं ते तिनं पुढे कोणाला सांगितलं नाही. तिच्या मनात आलं की पस्तीस मिनिटं कशीतरी काढायची. चक्कर आली म्हणायचं, पाणी मागायचं. नऊ वाजले की सगळं सांगून टाकायचं. राबही राहील आणि खरंही बोललं जाईल. पाच दिवस थांबलंय तर अर्ध्या तासानं काय होतंय.

"काढताना कोणी उपटली का?" डॉक्टर विचारत होते. "बाहेर आलेला तुकडा कुठाय?"

तेव्हा तिला समजलं, तो तुकडा कुठे आहे ते.

"राबात," ती म्हणाली.

मग सगळंच आलं. ऐन, बेचकं, उदबत्तीसारखी उभी काटकी, मान, खांब, खिळा. सिस्टर आम्रपाली चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. डॉक्टर म्हणाले,

"तो तुकडा बघायला मिळाला तर बरं. वाळलेलं लाकूड ह्या स्कॅनमध्ये नीट दिसत नाही. पाच दिवस आत भिजलं की मेंदूसारखंच दिसायला लागतं. मला एक दिसतंय. आणखी आहे का, तुकडे किती, ते बाहेरच्या टोकावरून कळेल."

"नाय मिळाला तर?"

"तर मी आहे तेवढ्यावर आत जाणार. मुंबईला पाठवण्यात अर्थ नाही, वाटेतच जातील. भूल देणारे डॉक्टर माणगावहून निघालेत. साडेदहाला मी सुरू करतो. काटकीसाठी थांबणार नाही."

उंबरकोंडात फोनला रेंज एकाच ठिकाणी, शाळेच्या पायरीवर. म्हणून सगळी वाडी आपापले फोन शाळेच्या खिडकीत ओळीनं ठेवते. ज्याचा वाजेल तो जवळचं माणूस उचलतं. दिशाचा फोन खूप वेळ वाजला आणि शाळेच्या तेजश्री मॅडमनी उचलला.

"दिशाच्या आई का? दिशा खाली राबावर आहे. सगळेच आहेत. मीही बघायला निघालेच होते."

"बाई, पेटवला काय?"

"नाही अजून. नारळ फुटला आत्ता. तुमचे दीर पुढे झालेत."

"त्यांना सांगा पेटवू नका."

"का हो?"

आवडीनं भिंतीला हात टेकला. "सांगा, राबात रक्त सांडलंय. दिशाच्या बाबांचं. मी बघितलं आणि सांगितलं नाय."

मॅडम साताऱ्याकडच्या, वाडीत येऊन दोन वर्षं झालेली. त्यांना ह्या वाक्याचं वजन ठाऊक नव्हतं. "असंच सांगू?"

"असंच. खाली जाऊ नका, पोचेपर्यंत पेटंल. तिथूनच ओरडा."

तेजश्री मॅडमनी ओरडून सांगितलं. रोज चार वर्गांची हजेरी एकाच खोलीत घेणारा तो आवाज. आवडीला फोनमधून आपलं गुपित डोंगरावर आपटून परत येताना ऐकू आलं. राबात रक्त सांडलंय. सहदेवदादांचं. आवडीवहिनींनी बघितलंय. मग काहीच ऐकू येईना. एक कुत्रं भुंकलं.

"ताई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "धूर दिसतोय."

आवडीनं फोन कानाला घट्ट दाबला. त्यातून कसलेसे आवाज येत होते, बडवल्यासारखे, बायकांच्या हाका, कोणीतरी पळत चढ चढतंय. मग भरतचा श्वास.

"वहिनी, हे काय लावलंय तुमी? मी काडी लावली होती."

"इझवा."

"इझवला. पोरींनी ओल्या टहाळ्यांनी बडवून इझवला. एक कोपरा गेला. पण असं सगळ्या गावादेखत..."

"भरत, ऐक. तुझ्या दादाच्या डोक्यात अर्धी काटकी हाय. अर्धी त्या राबात हाय, मी उपटून टाकली. ऐनाखालच्या बांधापासनं चार पावलं, डोंगराच्या अंगाला. त्यावर नंतर दोन थर पडलेत. बोटाएवढी लांब. ती मना पायजे."

"वहिनी, राबात सगळ्या काटक्याच असतात."

"म्हणून म्हणते, सगळ्यांना लाव."

"लावू कुणाला? रक्ताच्या राबाला कोण हात लावंल?"

अट आवडीलाही पाठ होती. ती चौदा वर्षं त्याच अटीवर जगत होती. ती नुसती म्हणाली, "साडेदहाला डोकं उघडणार हायत." आणि फोन ठेवला.

राबावर नंतर काय झालं ते तिला दिशानं सांगितलं. भरत खाली गेला आणि सगळ्यांना बोलला. सगळे बांधावर उभे. पुरुषमाणसं आपापल्या चपलांकडे बघत होती. भरत एकटाच राबात शिरला आणि कवळ उपसायला लागला, तेही मुंबईवाल्यासारखं, कुठलं कुठे फेकत. तेव्हा गीताबाई म्हणाली, "असं केलंस तर काटकी काय, बैलबी गावायचा नाय." तिनं लुगड्याचा ओचा खोचला आणि आत जाऊन फतकल मारली. "जाडं एकीकडं, पातेरा एकीकडं, काटक्या माझ्यापुढं टाका. माझं वय झालंय, मना काय व्हायचंय ते झालं." मग बायका उतरल्या. भात निवडायला बसतात तशा ओळीनं बसल्या. निखारे अजून फुटत होते, पातेऱ्याची धग होती, शेणाचा धूर डोळ्यांत जात होता.

इकडे आवडीच्या फोनवर फोटो येत नव्हते, म्हणून आम्रपालीनं शाळेत पुन्हा फोन लावून आपला नंबर दिला होता. सव्वानऊपासून फोटो यायला लागले. दिशा खालून शाळेपर्यंत चढ चढायची, फोटो पाठवायची आणि पुन्हा खाली धावायची. प्रत्येक काटकीशेजारी मापाला काडेपेटी. राब पेटवायला आणलेली तीच.

"ही?"

"नाय. ही जाड हाय."

"ही?"

"ही किंजळाची."

"तुम्हाला फोटोत झाड कळतं?" आम्रपालीनं विचारलं.

"तुमाला अंगावरचा पुरळ बघून कळतो ना, कशाचा हाय? तसंच."

कोणीतरी तर तुळशीची काडी पाठवली होती. एवढी घाई वाडीला मदत करायची. आवडीला हसू आलं आणि ते तिथेच रडण्यात गेलं. आम्रपालीनं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, नुसता फोन तिच्या हातात दिला. ते बरं वाटलं.

दहा वाजता सहदेवचे केस उतरवले. दहा वाजून दहा मिनिटांनी तिच्याकडून सही घेतली. अकरा काटक्या आल्या होत्या आणि अकराही नव्हत्या. माणगावचे डॉक्टर आले, चहा न घेताच आत गेले. मोठं दार लागलं.

दहा चोवीसला बारावा फोटो आला. ह्यात काडेपेटी नव्हती. एक तळहात होता, भेगाळलेला, काजळीनं काळा, मधल्या बोटात तांब्याचं वळं. गीताबाईचा. त्यावर काटकी. एका अंगानं करपलेली, साल अर्धी सोललेली. एका टोकाला तपकिरी डाग सुकला होता आणि त्यात एक केस चिकटला होता, आखूड, वाकडा. भुवईचा.

"हीच," आवडी म्हणाली.

आम्रपालीनं फोटो मोठा केला. डागाच्या पुढे काटकीला बारीक फाटा फुटला होता. दोन टोकं, एकमेकांना चिकटून निघालेली. दोन्ही मोडलेली. आम्रपाली चपला तिथेच टाकून आत धावली.

डॉक्टर बुद्धरत्न कोपरापर्यंत हात धूत होते, असं तिनं नंतर सांगितलं. तिनं फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. ते बराच वेळ बघत राहिले. नळ चालूच होता.

"बेचकं आहे," ते म्हणाले. "म्हणजे आत दोन आहेत. मला एकच दिसत होता."

साडेतीन तास लागले. आवडी बाकावर बसून होती. बाजूला एक बाई बाळंतीण सुनेसाठी डिंकाचे लाडू घेऊन आली होती, तिनं एक लाडू पुढे केला. आवडीनं घेतला आणि हातातच धरून बसली. तूप बोटांतून उतरत गेलं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात औषधाची छोटी बाटली होती. आत दोन काड्या. एक करंगळीच्या दोन पेरांएवढी, दुसरी नखाएवढी.

"कपाळाचं हाड उघडून आत गेलो. मोठा तुकडा जिथे दिसत होता तिथेच मिळाला, भोवती पू होता, तो धुऊन काढला. हा लहान मागे होता, मधल्या बाजूला, मोठ्या शिरेला टेकून. फोटो बघितला नसता तर मी तिथे शोधलंच नसतं. आणि तो राहिला असता तर पंधरा दिवसांत पुन्हा हेच, आणि तेव्हा मला काही करता आलं नसतं."

"मग जगतील?"

"जगतील असं वाटतंय. डोळा नाही राहिला. आणि कपाळामागचा मेंदू इतके दिवस पुवात होता. त्यातलं काय परत येईल ते मी आज सांगत नाही."

आवडीनं विचारलं, "बुधवारीच सांगितलं असतं तर?"

डॉक्टरांनी बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

"वाडीत एक सांगा," ते म्हणाले. "कुणाच्या अंगात काही घुसलं तर उपटायचं नाही. आहे तसं बांधायचं आणि आहे तसं आणायचं. आणि काय घुसलं ते खरं सांगायचं. एवढं सांगाल ना?"

"सांगीन," ती म्हणाली. वाडीला आता सांगायचं काही शिल्लक राहिलं होतं असं तिला वाटत नव्हतं, पण ती म्हणाली.

सहा आठवडे शिरेतून औषध गेलं. एप्रिल सरता सरता सुशांतच्या जीपमधून सहदेव घरी आला. कपाळावर घोड्याच्या नालासारखी शिवण, डाव्या डोळ्याच्या जागी खळगा. चालत होता, भाकरी खात होता. रागावत नव्हता, ही गोष्ट आवडीला सगळ्यात परकी वाटायची. जुनं सगळं त्याला आठवत होतं. नवीन काही टिकत नव्हतं. सकाळी भेटून गेलेल्या माणसाला दुपारी "कधी आलास?" म्हणायचा. कोणी डोळ्याचं विचारलं तर लगेच सांगायचा, "गोठ्याचा खांब लागला. खिळा होता खांबाला." ते मात्र पक्कं बसलं होतं.

आणि रोज सकाळी, डोळा उघडला की पहिलं, "आवडे, राब पेटवला काय?"

महाडच्या बाकावर बसून आवडीनं शपथ घेतली होती की ह्यापुढे तोंडातून खोटं काढायचं नाही. ती सांगायची, "नाय पेटवला. रक्त सांडलं ना त्यात. मान गीताबायकडं गेला." तो ऐकायचा. मग त्याचं तोंड वाकडं व्हायचं आणि तो रडायचा, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखा, कारण तो पहिल्यांदाच ऐकत असायचा. दुपारपर्यंत विसरायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अकरा दिवस तिनं रोज सकाळी त्याचा राब त्याच्याकडून काढून घेतला.

बाराव्या दिवशी गीताबाई फणस घेऊन आली आणि ओट्यावर बसून हे बघत राहिली.

"आवडे, तू काय रोज कोर्टात उभी हायस? सांग की पेटवला म्हणून."

"एकदा खोटं बोलले. काय झालं बघितलंस ना?"

"तवा डॉक्टरशी बोललीस. हा डॉक्टर हाय काय?"

आवडी फणस चिरायला विळीला तेल लावत राहिली. गीताबाई उठता उठता म्हणाली, "आणि मान आमच्याकडं आला, पण काटकी मी त्यासाठी नाय शोधली हां. सांगून ठेवते."

"म्हाईत हाय गो."

"नाय, लोक बोलतात."

दुसऱ्या दिवशी सहदेवनं विचारलं आणि आवडी म्हणाली, "पेटवला."

"कोणी?"

"तुमी. आन कोणी?"

त्याचं तोंड उजळलं. गेल्या दोन महिन्यांत तिनं ते तसं बघितलं नव्हतं. त्यानं तिचा हात धरला, नाकाशी नेला आणि वास घेतला. मग हात सोडून दिला.

"धुराचा वास नाय," तो म्हणाला. आणि भिंतीकडे वळून झोपला. रडला नाही. ते रडण्याहून वाईट होतं.

कालचा दिवस ज्याला आठवत नाही त्याला राबाचा वास आठवत होता. आवडीनं दिवसभर काम केलं आणि त्याचाच विचार केला.

पहाटे तो उठायच्या आत ती राबावर गेली. राब बायकांनी उपसला होता तसाच पडला होता, जाडं एकीकडे, पातेरा एकीकडे, एक कोपरा काळा. पाऊस पडेपर्यंत कोणी हात लावणार नव्हतं. तिनं ऐनाच्या पातेऱ्याची एक ओंजळ उचलली, वाळल्या शेणाचा तुकडा घेतला, आणि गोठ्यामागे फुटक्या कौलात पेटवलं. दोन्ही हात धुरात धरले. धूर डोळ्यांत गेला. राख तिनं राबाच्या जमिनीत ओतली आणि घरात आली.

"आवडे, राब पेटवला काय?"

"पेटवला."

त्यानं हात धरला. वास घेतला, खूप वेळ. "धूर सरळ गेला काय?"

"सरळ गेला."

"बाबांच्या वेळेला वाकडा गेलता म्हणतात," तो म्हणाला, आणि उठून तोंड धुवायला गेला.

तेव्हापासून रोज एक ओंजळ. पेटवायचा नाही ही अट होती, हात तर सगळ्या वाडीनं लावून झाला होता, आणि ओंजळीबद्दल कोणी काही म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. उरलेला मे महिनाभर पातेरा कमी होत गेला, थोडा ओंजळींनी, बाकीचा वाऱ्यानं उडून. जमिनीवर राखेचा थर चढत गेला, आधी ताटाएवढा, मग सुपाएवढा, मग खाटेएवढा. वाडीनं बघितलं असणार, चौदा घरांत काय लपतं? कोणी बोललं नाही. जूनच्या सुरुवातीला ढग घाटमाथ्यावर टेकायला लागले तेव्हा जेमतेम दोन ओंजळी उरल्या होत्या, आणि आवडीला कळेना की तिसऱ्या दिवशी काय जाळायचं. पाऊस पडल्यावर तर रानात सुकं काहीच मिळणार नव्हतं, आणि तो तर विचारतच राहणार होता. वर्षानुवर्षं, रोज.

तिसऱ्या पहाटे ती कौल घेऊन गोठ्यामागे गेली तर तिथे एक गोणपाट होतं, तोंड बांधलेलं, पावसाचं भिजू नये म्हणून वर प्लास्टिक. गाठ गीताबाईची होती, ती उलटी गाठ मारते. आवडीनं सोडून आत हात घातला. ऐनाचा पातेरा होता, कडकडीत वाळलेला, दाबून दाबून भरलेला. चाचपत चाचपत हात तळापर्यंत नेला. सगळी पानंच होती. एकही काटकी नव्हती.